दरजा

मुरारच्या त्या तीन मजली घरात
टेप घेऊन शिरले तेव्हा माझ्याकडे
फक्त कोटेशनपुरते शब्द होते:
व्हिट्रिफाइड, दोन बाय चार, वेस्टेज दहा टक्के,
हमाली वेगळी.

बाकीचे रामदुलारे कुशवाहांनी दिले,
उकिडवं बसून, तंबाखू एका गालात ठेवून,
तेही हिंदीत.

म्हणाले, यहाँ ढाल रखना.
मी क्षणभर तलवारही शोधली.
ढाल म्हणजे उतार, न्हाणीघराचा.
पाणी आपल्या पायांनी जाळीकडे जाईल इतका
आणि म्हातारं माणूस जाणार नाही इतकाच.

गुनिया म्हणजे आपला गुण्या.
तो त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टेकवला,
म्हणाले, बाईसाब, ये कमरा झूठ बोलता है.
चारांतली एक भिंत दुसरीशी काटकोनात नव्हती.
शितोळेबाई दारातच होत्या.
त्यांना वाटलं, त्यांच्याचबद्दल बोलणं चाललंय.

वरच्या खोलीत लाकूड.
पट्ट्या भिंतीला भिडवायच्या नाहीत,
बोटभर फट सोडायची.
जेठात लाकूड आकसतं, श्रावणात अंग धरतं,
जागा नसली तर मधूनच उठून बसतं.
त्या फटीवरून स्कर्टिंग जातं.
फट झाकायची असते,
बुजवायची नसते.
हे मी वहीत दोनदा लिहिलं.

गालिचाचं माप घ्यायला हजिऱ्याहून शकूर आला.
त्यानं टेप काढायच्या आधी लवेवरून हात फिरवला,
ती कुणीकडे निजते ते पाहिलं.
दारातून निळा, खिडकीतून राखाडी,
गालिचा तोच.
शितोळेबाई म्हणाल्या, मला निळा हवाय.
तर मग, शकूर म्हणाला, दारातच बसा.

कुशवाहांचे कान कटरनं नेले, तीस वर्षांत.
फरशी वाजवून बघताना
उजव्या हातात थापीची मूठ,
डावा तळवा फरशीवर पसरलेला.
आवाज मला यायचा, कळायचं त्यांना.
पोला, असं ते म्हणाले की मी खडूनं फुली मारायची.
वहीत मी घाईत पोळा लिहिलं
आणि सिमेंटच्या हिशोबात उगाच
बैल येऊन उभे राहिले.

शेवटची फुली फ्रिजच्या जागेवर आली.
शुक्रवारी वास्तुशांत, बुधवारची संध्याकाळ,
त्या लॉटची एकही फरशी शिल्लक नाही.
मी म्हणाले, राहू द्या, वर फ्रिजच येणार.
त्यांना ऐकू आलं नाही.
मी मोठ्यानं म्हणाले.
त्यांनी छिन्नी मागितली.

फरशी दोन तुकडे होऊन निघाली.
पाठीच्या कडांना मसाल्याचे कंगवे उमटलेले,
मध्ये भाकरीएवढी जागा
कारखान्यातून आली तशीच, कोरी.
कुणाचीच लागली नव्हती तिला काही.
कुशवाह बराच वेळ ती बघत बसले.
बिछाई त्यांच्या मुलाची होती.
मुलगा जिन्यात फोनवर होता.

दुसऱ्या लॉटची बसवली, एका छटेनं पिवळी.
गुरुवारी दरजा भरल्या.
बोटानं, मग ओल्या स्पंजानं, तिरकं पुसत.
सरळ पुसलं तर भरलेलंच निघून येतं.
दरज आणि दर्जा, मी त्यांना समजावायला गेले,
आमच्यात दोन्ही जवळजवळ एकच.
ते म्हणाले, क्या?

बिलात एक ओळ जास्तीची होती: फरशी, नग एक.
शितोळेबाईंनी ती खोडली.
त्यासाठी माझ्या वहीत शब्द होता,
बिलात घालण्याजोगा नव्हता.

शुक्रवारी पंगतीआधी मी आत गेले,
वाकून फ्रिजपाशी तळवा टेकवला.
खाली भरीव, गार,
वर कॉम्प्रेसरची थरथर.
मागे शितोळेबाई. त्यांना वाटलं,
मी वास्तूला नमस्कार करतेय.
गहिवरल्या.
हळदकुंकू लावलं मला, वर एक नारळ.

नारळ कुशवाहांकडे पोचवला.
त्यांनी तो कानाशी नेला नाही.
तळव्यावर धरून हलवला,
पाणी आहे म्हणाले.